इस्टेट एजंटची परीक्षा आणि आपली वस्ती

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत केलेले भाषण. लिहून काढताना बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



समितीने आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हणालो. विहाराच्या वर्धापन दिनाला प्राध्यापक बोलतात, कवी बोलतात, चळवळीतली जुनी माणसे बोलतात. खोल्या दाखवणाऱ्या दलालांनी इथे उभे राहून काय सांगायचे? पण सेक्रेटरी साहेब म्हणाले, "अहो, वर्षभर माझ्याकडे लोक येतात ते डिपॉझिट अडकलं, एजंटने फसवलं, खोली नाकारली, हेच घेऊन येतात. तुम्हीच बोला." म्हणून उभे आहोत.

आम्ही म्हणजे आम्ही तिघे. एकाचे स्टेशनच्या रस्त्याला झेरॉक्सच्या दुकानाला लागून टेबल-खुर्चीचे ऑफिस आहे. दुसरा रिक्षा चालवता चालवता भाडेकरू आणून देतो. तिसरी आपल्या महिला मंडळातलीच भगिनी. ती २०२३ साली महारेराची परीक्षा पास झाली आणि तिने आम्हा दोघांना कान धरून अभ्यासाला बसवले. भाषण तिघांनी मिळून लिहिले आहे, वाचतो एकजण.

सुरुवातीलाच एक कबुली देतो, म्हणजे पुढचे बोलायला तोंड राहील.

२०११ साली आम्ही एका आजींना फ्लॅट दाखवला. त्या आज इथे बसल्या आहेत, त्यांना विचारूनच सांगतो आहोत. त्यांचे यजमान सफाई खात्यातून निवृत्त झालेले. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे मिळून नऊ लाख हातात आले. आयुष्य दहा बाय दहाच्या खोलीत गेलेले, आता स्वतःचे घर घ्यायचे. पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट, हवा चांगली, उजेड चांगला. आम्ही बिल्डरकडे नेले, चहा झाला, टोकन झाले. महिनाभरात रजिस्ट्रेशन झाले. एक टक्का दलाली म्हणून नऊ हजार आम्ही घेतले. पेढेही खाल्ले.

दोन वर्षांनी नोटीस आली. महापालिकेची परवानगी चार मजल्यांची होती. पाचवा आणि सहावा चढवलेला.

आजी आमच्याकडे आल्या. भांडल्या नाहीत. एवढेच विचारले, "बाळा, तुला माहीत होतं का रे?" खरे सांगायचे तर आम्हाला माहीत नव्हते. पण त्याहून वाईट गोष्ट अशी की माहीत करून घ्यायचे असते हेच आम्हाला माहीत नव्हते. बांधकाम परवानगीचा एक कागद असतो, त्याला कमेन्समेंट सर्टिफिकेट म्हणतात, धंद्यात नुसते सीसी म्हणतात, आणि परवानगी किती मजल्यांची हे त्यात लिहिलेले असते, हे आम्ही एजंट म्हणवून घेत होतो तरी कधी वाचले नव्हते. आम्हाला वाटायचे, सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात दस्त नोंदला, इंडेक्स टू हातात आली, म्हणजे सगळे पक्के. तसे नसते. दस्त नोंदला गेला म्हणजे व्यवहाराची नोंद झाली. इमारत कायदेशीर आहे असा दाखला त्यातून मिळत नाही.

आणि अजून एक बघा. आजींनी बँकेचे कर्ज काढले असते तर बँकेच्या वकिलाने सीसी मागितली असती आणि तिथेच बिंग फुटले असते. पैसे फंडाचे, रोकडे. त्यामुळे कोणी काही विचारलेच नाही. आपल्या समाजात असेच घर घेतले जाते. निवृत्तीचे पैसे, गावची जमीन विकून आलेले पैसे, भिशी, पतपेढी. ज्याच्या मागे बँकेचा वकील नाही त्याच्यासाठी एजंट हाच काय तो जाणकार माणूस. तोच अडाणी निघाला तर?

आजी आजही तिथेच राहतात. घर विकताही येत नाही, कारण घेणाऱ्याला कर्ज मिळत नाही.

त्या काळी आम्हाला विचारणारेही कोणी नव्हते. १९६३ च्या ओनरशिप फ्लॅट्सच्या कायद्यात बिल्डरवर बंधने होती, पण दलालाने काय शिकलेले असावे याबद्दल त्यात काही नव्हते. केस कापणारा कारागीर काही वर्षे उस्तादाच्या हाताखाली काढतो. रिक्षाला बॅज लागतो, लायसन लागते. मेडिकल दुकानाला फार्मासिस्ट लागतो. आणि माणसाच्या जन्माची कमाई ज्याच्या शब्दावर जाते त्याला काय लागायचे? एक मोबाइल, एक मोटारसायकल आणि गोड जीभ.

२०१६ साली संसदेने रेरा कायदा केला. त्याची उरलेली कलमे १ मे २०१७ पासून लागू झाली आणि त्याच दिवसापासून आपल्या राज्यात महारेराचे काम सुरू झाले. कायद्याच्या नवव्या कलमाने एजंटला नोंदणी सक्तीची केली. नोंदणी नसेल तर नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकून देता येत नाही. दहावे कलम सांगते की नोंदणी नसलेला प्रकल्प एजंटने विकायला काढायचा नाही, हिशेबाच्या वह्या ठेवायच्या, नसलेल्या सोयी आहेत म्हणून सांगायच्या नाहीत, आणि घेणाऱ्याला ज्या कागदांचा हक्क आहे ते त्याला मिळवून द्यायचे. मोडले तर दिवसाला दहा हजार दंड, आणि तो घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत चढू शकतो. एकट्या माणसाला नोंदणीची फी दहा हजार, मुदत पाच वर्षे.

पण यात एक गंमत होती. दहा हजार भरले आणि कागद जोडले की नंबर मिळायचा. त्या माणसाला काही येते का, हे कोणी तपासत नव्हते. आम्हालाही असाच नंबर मिळाला. तो पाटीवर रंगवून घेतला आणि ज्ञान होते तेवढेच राहिले.

ते बदलले जानेवारी २०२३ मध्ये. महारेराने आदेश काढला की एजंटने वीस तासांचे प्रशिक्षण घ्यायचे, परीक्षा द्यायची, आणि पास झाल्याचे पात्रता प्रमाणपत्र असेल तरच नवी नोंदणी किंवा नूतनीकरण. परीक्षा घेण्याचे काम आयबीपीएसकडे, म्हणजे बँकांच्या नोकरभरतीची परीक्षा घेणारी जी संस्था आहे तिच्याकडे दिले. पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली. जुन्या एजंटांना मुदत दिली, ती वाढवली, शेवटी १ जानेवारी २०२४ ही तारीख धरली. तरीही पुष्कळांनी मनावर घेतले नाही. २०२४ साली सुमारे वीस हजार एजंटांची नोंदणी महारेराने वर्षभरासाठी स्थगित केली. त्यात आमच्यातला एक होता. कोण ते आम्ही सांगणार नाही, तो आत्ता कागदावरून वाचतो आहे.

आमचे तेव्हाचे म्हणणे तुम्हाला माहीत आहे, कारण नाक्यावर बसून आम्ही तेच बोलायचो. "पन्नाशीत काय परीक्षा? वीस वर्षं धंदा करतोय, आम्हाला काय शिकवणार?" आमची ही भगिनी म्हणाली, "वीस वर्षं करताय ना, मग कार्पेट एरिया म्हंजे काय ते सांगा." आम्ही म्हणालो, गालिचा अंथरता येतो तेवढी जागा. ती म्हणाली, "बाल्कनी धरून का सोडून? आतल्या भिंती धरून का सोडून?" झाले, गप्प. बाल्कनी सोडून, बाहेरच्या भिंती सोडून, पण आतल्या खोल्यांमधल्या भिंती धरून, असे कायद्यात लिहिले आहे. बिल्डर पाचशे फूट म्हणतो आणि ताबा घेताना साडेतीनशे भरतात, ते याच अज्ञानावर.

अशा कितीतरी गोष्टी. फ्लॅटच्या किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसे रजिस्टर करार केल्याशिवाय बिल्डरला घेता येत नाहीत. ताबा दिल्यावर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा. ताबा वेळेवर दिला नाही तर व्याजासकट पैसे परत मागता येतात. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापावा लागतो. तो मोबाइलने टिपला की प्रकल्पाची माहिती उघडते. आणि आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, पाचशे चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट असेल, किंवा आठपर्यंतच घरे असतील, तर त्या इमारतीला रेराची नोंदणी लागतच नाही. म्हणजे गल्लीबोळात चाळ पाडून जी आठ घरांची उभी राहतात, तिथे महारेराचा आधार नाही. तिथे कागद आपणच वाचायचे.

कोणी म्हणेल, नंबर बघितला की झाले, एजंटला शिकून काय करायचे? त्यांना आम्ही कल्याण-डोंबिवलीचे उदाहरण देतो. तिथे पासष्ट इमारती अशा निघाल्या की त्यांच्याकडे रेराचा नंबर होता. पण तो मिळवण्यासाठी जोडलेली महापालिकेची बांधकाम परवानगीच बनावट होती. २०२२ साली गुन्हे दाखल झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. राहणाऱ्यांनी नंबर बघूनच घरे घेतली होती, कित्येकांना बँकांनी कर्जही दिले होते. म्हणजे मघाशी आम्ही बँकेच्या वकिलाचे गुणगान केले, तोही इथे फसला. आता असल्या ठिकाणी खरा एजंट काय करील? सीसीची प्रत घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जाईल आणि विचारील, साहेब, हा कागद तुमचाच का? माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करील. एवढा फेरा मारायचा असतो, हे ज्याला कोणीतरी शिकवले आहे तोच मारतो. दलाली त्या फेऱ्याची असते, चहा पाजल्याची नसते.

परीक्षेचे कौतुक इथे पुरे. कारण आता जे सांगायचे आहे ते तिच्या बाहेरचे आहे.

इथे बसलेल्यांपैकी हात वर करा म्हटले, की नवा फ्लॅट एजंटकडून किती जणांनी घेतला, तर दहा-बारा हात वर होतील. आणि भाड्याची खोली एजंटकडून किती जणांनी घेतली, तर जवळजवळ सगळे. पोरगा नोकरीला लागला, पोरगी नर्सिंगला गेली, लग्न झाले, जागा कमी पडली, की पहिला संबंध येतो तो भाड्याच्या एजंटशी. आणि त्या एजंटला कुठलीच परीक्षा नाही. रेरातली एजंटची व्याख्या विक्रीच्या व्यवहाराची आहे, भाड्याची नाही. आमच्या रिक्षावाल्या मित्राने उद्या ठरवले की फक्त भाड्याच्याच खोल्या दाखवायच्या, तर त्याला नोंदणी लागत नाही, प्रमाणपत्र लागत नाही. ज्या व्यवहारात गरीब माणूस दर अकरा महिन्यांनी सापडतो, तोच मोकळा सोडलेला आहे.

बाहेर काय आहे ते बघा. आपल्या एका उपासिकेचा मुलगा वेल्समध्ये दवाखान्यात नोकरीला आहे. त्याने खोली घेतली तेव्हा एजंटच्या कागदावर लायसनचा नंबर होता. तिथे २०१६ पासून भाड्याची घरे सांभाळणाऱ्या एजंटला प्रशिक्षण घेऊन लायसन काढावे लागते, आणि घरमालक स्वतः कारभार बघत असेल तर त्यालाही. स्कॉटलंडमध्ये २०१८ पासून भाड्याच्या एजंटांची नोंदवही आहे आणि तिच्यात नाव घालायचे तर शिकलेले असावे लागते. शेजारच्या इंग्लंडमध्ये मात्र लॉर्ड बेस्ट यांच्या गटाने २०१९ साली लायसन आणि परीक्षेची शिफारस केली, आणि ती वर्षानुवर्षे तशीच पडून राहिली. म्हणजे साहेबाच्या देशातही सगळे आलबेल आहे असे समजू नका. अमेरिकेत प्रत्येक राज्यात घरांच्या एजंटला लायसनची परीक्षा आहे. तिच्या अभ्यासात एक विषय असतो की वर्ण, धर्म, वंश यावरून घर नाकारायचे नाही. तो कायदा १९६८ च्या एप्रिलमध्ये झाला. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर आठवड्याभरात त्यावर सही झाली.

हे आम्ही मुद्दाम सांगितले, कारण आता आडनावाकडे येतो.

बडोद्याला १९१७ साली बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही, ती हकीकत या विहारातल्या लहान पोरालाही सांगायला नको. परदेशातून एवढे शिकून आलेला माणूस, संस्थानात अधिकारी, आणि अकराव्या दिवशी सामानासकट रस्त्यावर. आज काठ्या घेऊन कोणी येत नाही. आज फोन येतो. "वन बीएचके आहे का?" "आहे ना, या बघायला. नाव काय म्हणालात? पूर्ण नाव?" पूर्ण नाव सांगितले की पलीकडे क्षणभर शांत. मग, "व्हेज का नॉनव्हेज? थांबा, मालकाला विचारून सांगतो." तो सांगायचा फोन कधी येत नाही. २०१५ साली प्राध्यापक सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांतला अभ्यास छापला. त्यात घर शोधणाऱ्या दलित आणि मुसलमान माणसांना नकार किंवा जादा अटी येत होत्या. ते वाचून आपल्याला नवल वाटत नाही. फक्त छापून आले याचे बरे वाटते.

पण बंधूंनो, मघाची कबुली अर्धीच होती. आता दुसरी ऐका.

ते आडनाव आम्हीही विचारले आहे. मालक सांगायचा, "आपल्यातली फॅमिली बघा हां, समजतंय ना?" आम्ही मान हलवायचो. मालक गेला तर त्याच्या तीन खोल्या गेल्या, आणि तीन खोल्यांची दलाली गेली. एकदा आमच्याच नात्यातला एक मुलगा, बँकेत क्लार्क, नवीन लग्न झालेले, आमच्या ऑफिसात आला. टेबलावर चावी होती. चावी त्या मालकाची. आम्ही त्याला म्हणालो, ती खोली कालच गेली. तो बिचारा थँक्यू म्हणून गेला. चावी तिथेच होती आणि त्याने ती बघितली होती, हे आम्हाला पुढे त्याच्या आईकडून कळले. आम्ही त्याच्या लग्नात जेवलो होतो हो.

यावर कायदा काय म्हणतो? रेरा कायद्यात जातीवरून घर नाकारण्याबद्दल कलम नाही. घटनेच्या पंधराव्या कलमात मात्र दुकानांत जाण्यास जात-धर्मावरून मज्जाव करायचा नाही असे आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत प्रश्न निघाला की दुकान म्हणजे काय, तेव्हा बाबासाहेबांनी खुलासा केला की हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे, आपली सेवा लोकांना देऊ करणारा कोणीही त्यात येतो. २०११ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच खुलाशाचा आधार घेतला. उलट बाजूही सांगायला हवी. २००५ सालच्या एका निकालात सहकारी गृहसंस्थेने सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याला त्याच न्यायालयाने मान्यता दिली. कोर्टात काय टिकेल ते वकील सांगतील. आम्ही आमच्यापुरते एवढेच समजलो की आमचे टेबल-खुर्चीचे ऑफिस हेही दुकानच आहे, आणि त्याच्या दारात आडनाव विचारणारे आम्हीच होतो.

म्हणून आम्ही तिघांनी एक ठरवले. खोली दाखवायला नाव लागत नाही. माणसे किती, नोकरी कुठे, बजेट किती, कधीपासून हवी, इतके पुरे. नाव लागते ते कराराला आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देताना. ते तेव्हा विचारायचे. मालकाने आधी विचारले तर म्हणायचे, फॅमिली चांगली आहे, पगार वेळेवर आहे, बघून घ्या. यात आमचे दोन मालक गेले. एकाने तोंडावर सांगितले, "तुम्ही आता पुढारी झालात." एक मालक मात्र आमच्यामार्फत आलेल्या आपल्या कुटुंबाला चार वर्षे ठेवून आहे आणि भाडेही फारसे वाढवत नाही. सगळीकडे असे होईल असे आम्ही म्हणत नाही. दोन गेले, एक राहिला, असा आमचा हिशेब आहे.

आता भाडेकराराचे थोडे कामाचे सांगतो. मातांनी विशेष लक्ष द्यावे, कारण घरातले पैसे त्याच मोजतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे. त्याच्या पंचावन्नाव्या कलमाप्रमाणे भाडेकरार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि पुढे तंटा झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचे म्हणणे, उलट पुरावा येईपर्यंत, खरे धरले जाते, आणि मालकाला दंड किंवा कैदही होऊ शकते. तेव्हा पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीचा शिक्का मारलेला कागद एजंटने पुढे केला, तर त्याला कलम पंचावन्न म्हणून विचारा. तो चपापेल.

आणि खर्च किती? धरून चला, भाडे बारा हजार, डिपॉझिट पन्नास हजार, मुदत अकरा महिने. अकरा महिन्यांचे भाडे झाले एक लाख बत्तीस हजार. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, अकरा महिन्यांचे झाले सुमारे साडेचार हजार. दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी एक हजार. झाले. त्यावर घरी येऊन अंगठा घेणाऱ्याचे, टायपिंगचे जे वाजवी असेल ते द्या. पण आपल्याकडे "अॅग्रीमेंटचे पाच हजार" म्हणून सरसकट घेतले जातात आणि लोक देतात. आम्हीही घेत होतो. मुदतही अकराच महिन्यांची असायला पाहिजे असे नाही. ती पाच वर्षांपर्यंत ठरवता येते. अकरा महिन्यांत फायदा कोणाचा होतो? दर वर्षी नव्याने दलाली मागणाऱ्याचा.

दलाली एक महिन्याचे भाडे, हा प्रघात आहे. रेरा कायद्याने दलालीचा दर ठरवून दिलेला नाही. म्हणून आधी बोलून घ्यायचे आणि पावती मागायची. डिपॉझिट रोख द्यायचे नाही, दिलेच तर करारात आकडा लिहून घ्यायचा. खोली सोडताना रंगाचे पैसे कोण देणार, हेही त्यातच लिहायचे. सेक्रेटरींकडे ज्या तक्रारी येतात त्यातल्या निम्म्या रंगावरूनच असतात.

शेवटचे म्हणजे वर्गाचे. विहाराच्या मागे जी अभ्यासिका आहे तिथे दर रविवारी सकाळी वंदना झाल्यावर दहा ते बारा आम्ही बसतो. आपली दहा-पंधरा मुले नाक्यावर खोल्या दाखवून पोट भरतात. त्यांना दलाल म्हणून हिणवू नका, पण त्यांना पाठवा. वर्गात महारेराचा अभ्यास होतो, सीसी आणि ओसी वाचायला शिकवतो, महारेराच्या वेबसाईटवर प्रकल्प आणि एजंट कसा शोधायचा ते मोबाइलवर दाखवतो. एक स्पष्ट सांगतो, हा वर्ग म्हणजे ते वीस तासांचे प्रशिक्षण नव्हे. ते मान्यताप्राप्त संस्थेतच करावे लागते आणि त्याची फी भरावी लागते. ज्याला ती जड जाईल त्याच्यासाठी समितीने काही करता येईल का, हे अध्यक्ष साहेबांनी पाहावे अशी या व्यासपीठावरून विनंती करतो. ज्यांना एजंट व्हायचे नाही, नुसती खोली किंवा घर घ्यायचे आहे, त्यांनीही टोकन देण्याआधी कागद घेऊन यावे. बघण्याचे पैसे नाहीत.

आजी पहिल्या रविवारी आल्या होत्या. पिशवीतून सगळे कागद काढून त्यांनी टेबलावर मांडले. करार, इंडेक्स टू, नोटीस, लाइट बिल, आमच्या दलालीची पावतीसुद्धा. मुलांनी ते सगळे वाचले आणि काय नव्हते ते शोधून काढले. आता त्यांची फाइल घेऊन महापालिकेत वाढीव मजल्यांचे काही नियमित करता येते का, ते विचारायला आम्ही जाणार आहोत. मंगळवारची वेळ मिळाली आहे.

एवढे बोलून थांबतो. जय भीम, नमो बुद्धाय.